पुंगळ्या

संपादकांना उद्या दुपारपर्यंत आकडे हवेत.
दहापैकी किती,
आणि चार हजार मोजणाऱ्याने
दोनातला कुठला गेम घ्यावा.

खडकी बाजारात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
अकरा दिवस मी माणसं मारते आहे.
'कॉलम नाइन'मध्ये बर्फात,
'ग्रे पेरिमीटर'मध्ये एका बंद बंदरावर.
गिरणी चालू असली की फरशीच थरथरते,
त्यामुळे कंट्रोलर हातात किती थरथरतो
हे रात्री नऊनंतरच कळतं.

वहीत लिहिलंय:
कॉलमचा नेम लोण्यासारखा, जरा जास्तच.
गेम माझ्या अंगठ्याचा कान धरून
शत्रूच्या छातीपर्यंत नेऊन सोडतो.
शत्रूही आज्ञाधारक,
रेशनच्या रांगेसारखे एकेक पुढे येऊन मरतात.
पेरिमीटरमध्ये बंदूक जड. धावलं की दम लागतो,
दम लागला की नळी हलते,
आणि नो एन्ट्रीतून दुचाकी यावी
तसे ते मागून येतात, हॉर्नसुद्धा न देता.
ग्राफिक्स: नऊ, सात.
कथा: दोन्हीकडे कुणाचा तरी भाऊ हरवलेला. पाच, पाच.

परवा गजरमलकाका भाड्याची पावती घेऊन वर आले.
एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात,
पितळ तपासायच्या टेबलावर.
डावा कान तिथेच राहिला.
उजवा माझ्या स्पीकरकडे करून उभे राहिले.
मला वाटलं, आता आवाज कमी कर म्हणणार.

"ती कुठे गेली?"
कोण, काका?
"पुंगळी. पडली, टिंग वाजली, मग गेली कुठे?"

पुन्हा झाडून बघितलं. खरंच.
कॉलममध्ये पितळ जमिनीला टेकतं न टेकतं तोच विरतं.
हजारभर गोळ्या,
आणि बर्फ इस्त्रीच्या चादरीसारखा.
"आणि बर्फावर टिंग कसलं वाजतंय," काका म्हणाले,
"गरम असते ती. चुर्र होईल."

मग त्यांनी स्टूल ओढलं.
म्हणाले, सरावाला जेवढ्या दिल्या
तेवढ्या पुंगळ्या मोजून परत यायला पाहिजेत.
एकदा एक कमी भरली.
चाळीस जण अंधार पडेपर्यंत
गवत विंचरत होते.
सापडली?
"एका पोराच्या बुटात. त्याच्याच.
पण तोवर तो रडून मोकळा झाला होता."

मी पेरिमीटर लावला.
गोदामात शिरून अख्खं मॅगझिन भिंतीवर रिकामं केलं.
इथे पुंगळ्या राहतात. पायाखाली खुळखुळतात,
लाथ बसली की घरंगळत जातात.
अकरा दिवसांत हे मी लिहिलं नव्हतं.
माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.

काका काचेला नाक लावून बोटाने मोजायला लागले.
"सत्तावीस. झाडल्या किती?"
तीस.
"मग तीन?"

दोन खोक्यामागे निघाल्या.
तिसरी शोधताना मागून कुणीतरी आलं, मी मेले,
आणि गोदाम पुन्हा कोरं.
काकांनी "च्" केलं, परीक्षेत पोर नापास झाल्यासारखं.
पुन्हा तीस झाडल्या. पुन्हा मोजल्या.
एकोणतीस.
साडेबारा वाजता ते पावती स्टुलावर विसरून गेले,
पैसेही न घेता.

आता पहाटेचे साडेपाच.
तक्ता समोर आहे, बेरीज कॉलम नाइनच्या बाजूने.
मी ती खोडली नाही, पाठवलीही नाही.
बंदूक खांद्याला लावून
गोदामात वाकून चालते आहे,
नळी खाली, नजर फरशीवर.

खाली गिरणीचं शटर वर गेलं.
जिन्यातून आवाज आला,
"सापडली का गं?"